तीस एकांची संख्या घरी बसून कशी फोडायची? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी स्टेप बाय स्टेप

ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, ऑलिम्पियाडची तयारी करणारी आठवी-नववीची मुलं आणि त्यांच्यापेक्षा जास्त टेन्शन घेतलेले त्यांचे आईबाबा एकच प्रश्न विचारतात, की एवढी मोठी संख्या समोर आली की सुरुवात कुठून करायची. शाळेत आपण ३६०, फार तर ५०४० चे मूळ अवयव पाडतो, आणि मग अचानक कुणीतरी तीस आकडी संख्या पुढ्यात टाकतं आणि विचारतं हिला विभाजक किती. मी ही सगळी प्रोसेस वहीवर, मोबाईलवर, कॉम्प्युटरवर करून बसलेलो आहे, म्हणून जशी केली तशी क्रमाने लिहितोय. उदाहरण एकच घेऊ, सलग तीस वेळा १ लिहिल्यावर होणारी संख्या. बघताना धडकी भरते पण ही जवळजवळ पूर्ण हाताने फुटते, आणि तिच्याहून तेरा आकड्यांनी लहान असलेली सतरा एकांची संख्या मात्र हाताने फोडायला बसलात तर वह्या संपतील. संख्या किती लांब आहे यावर तिचा अवघडपणा ठरत नाही, ती आतून कशी बनलीय यावर ठरतो, आणि तेच आधी शोधायची सवय लागावी एवढ्यासाठी हा सगळा लेख आहे.

काय काय लागेल

- चौकटीची वही. साधी रेघांची नको, तीस आकडे एकाखाली एक लिहिताना रकाना हमखास सरकतो. ठाण्यात गोखले रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.
- मूळ संख्यांची यादी, निदान ३०० पर्यंत. स्वतः चाळणी करून काढलीत तर उत्तम.
- मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर पायथन. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत तर त्यात फॅक्टर नावाची रेडीमेड कमांडपण चालते. पुढे आवड लागली तर पारी-जीपी हे संख्यांच्या गणितासाठीचं सॉफ्टवेअर, तेही फुकट आहे.
- एक्सेल नको. का नको ते लगेच सांगतो.

१. आधी संख्या नीट उतरवा

हे वाचून हसू नका, अर्धी कामं इथेच बिघडतात. पाच-पाचचे गट करून लिहा:

१११११ १११११ १११११ १११११ १११११ १११११

सहा गट झाले, म्हणजे तीस आकडे झाले. आता ट्रॅप. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले १५ अंक जपून ठेवतं, पुढच्या सगळ्यांचे गुपचूप शून्य करून टाकतं, एरर वगैरे काही देत नाही. ब्राउझरमधले बरेचसे साधे कॅल्क्युलेटरही ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे अचूक राहत नाहीत कारण आतली जावास्क्रिप्ट तिथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक बरोबर धरते. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांशात येतं आणि शेवटचे अंक गेले, म्हणून नेहमी दोन तिरक्या रेघा द्यायच्या. हजारो अंकी संख्या छापायला गेलात आणि पायथनच्या नव्या व्हर्जनने नकार दिला तर घाबरू नका, ४३०० अंकांची एक मर्यादा त्यात मुद्दाम घातलेली आहे, ती सेटिंगमधून वाढवता येते.

२. शाळेतल्या कसोट्या लावून घ्या

शेवटचा अंक १, त्यामुळे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ३०, म्हणजे ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही. एकाआड एक अंकांच्या बेरजा १५ आणि १५, फरक शून्य, म्हणजे ११ ने भाग जातो. संख्या संयुक्त आहे हे दोन मिनिटांत कळलं. इथे बरेच जण ७, १३, १७ असं एकेकाने भागत सुटतात. थांबा, एवढ्यात भागायला जाऊ नका.

३. एकांचे गट पाडा

शाळेच्या मैदानावर तीस मुलं कवायतीला उभी केली तर दोन-दोनच्या, तीन-तीनच्या, पाच-पाचच्या, सहा-सहाच्या, दहा-दहाच्या किंवा पंधरा-पंधराच्या रांगा नेमक्या बसतात, कुणी उरत नाही. एकांचंही तसंच आहे. तीस एकांत पंधरा एकांचा गट दोनदा येतो, म्हणून

तीस एक = पंधरा एक × १००००००००००००००१

दुसऱ्या संख्येत दोन एकांच्या मध्ये चौदा शून्य आहेत, मोजून लिहा. आता दोन्ही तुकडे वेगवेगळे घ्या.

पंधरा एकांत पाच एकांचा गट तीनदा येतो, म्हणून पंधरा एक = १११११ × १००००१००००१. यातला १११११ म्हणजे ४१ × २७१. आणि पंधरा एकांना १११ नेही भाग जायला हवा, तो १११ दुसऱ्या तुकड्यात बसलाय: १००००१००००१ = १११ × ९००९०९९१. शिवाय १११ = ३ × ३७.

आता तो लांबलचक शून्यांवाला. तो १० चा पंधरावा घात अधिक १ आहे, आणि घात विषम असला की 'घन अधिक घन'वालं सूत्र जसं चालतं तसंच इथे चालतं. १००००१ × ९९९९९००००१ असे दोन तुकडे पडतात. १००००१ = ११ × ९०९१. आणि ९९९९९००००१ = ९१ × १०९८८९०११, ९१ म्हणजे ७ × १३.

एवढ्यात हाताशी ३, ३७, ४१, २७१, ११, ७, १३ आले आणि फक्त तीन तुकडे उरले: ९०९१, ९००९०९९१ आणि १०९८८९०११. तीस आकडी संख्येचं काम नऊ आकड्यांवर आलं.

इथला ट्रॅप: काही जण २ चा गट, ३ चा गट, ६ चा गट असे सगळे वेगवेगळे अवयव म्हणून लिहून मोकळे होतात आणि ११ दोनदा, ३७ दोनदा मोजतात. सहा एकांच्या आत ११ आणि १११ आधीच बसलेत (११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७), तेव्हा एकदा काढलेला अवयव परत धरायचा नाही. प्रत्येक वेळी भागून उरलेला तुकडाच पुढे न्यायचा.

४. उरलेल्या तुकड्यांना कुठल्या संख्येने भागायचं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, सावकाश वाचा.

१ भागिले ७ करून बघा: ०.१४२८५७१४२८५७… सहा अंक परत परत येतात. याचा अर्थ १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि ते नऊ गुणिले ११११११. म्हणजे सहा एकांना ७ ने भाग जातो हे दशांशातच दिसतं. १/३७ = ०.०२७०२७… तीन अंकांची आवृत्ती, म्हणून ३७ तीन एकांना भागतो. १/४१ = ०.०२४३९०२४३९… पाच अंकांची आवृत्ती, म्हणून ४१ पाच एकांना भागतो. २, ३ आणि ५ सोडले तर प्रत्येक मूळ संख्येला अशी आवृत्ती असते, आणि एक किती वेळा लिहिलेत त्या आकड्याला (इथे ३०) तिच्या आवृत्तीच्या लांबीने नेमका भाग गेला तरच तो मूळ अवयव आत बसलेला असतो. १७ ची आवृत्ती १६ अंकांची आहे, १६ ने ३० ला भाग जात नाही, म्हणून १७ ने भागून बघायची गरजच नाही.

आता फर्माचा प्रमेय मदतीला घ्या. त्यातून असं निघतं की आवृत्तीची लांबी ही नेहमी 'मूळ संख्या वजा १' ची विभाजक असते. ७ ची ६, ४१ ची ५ (४० ला भाग जातो), ३७ ची ३ (३६ ला जातो). आपण लहान गटांतून आलेले अवयव सगळे काढून टाकलेत, त्यामुळे उरलेल्या तुकड्यांतल्या मूळ अवयवांची आवृत्ती ९०९१ मध्ये नेमकी १०, ९००९०९९१ मध्ये नेमकी १५ आणि १०९८८९०११ मध्ये नेमकी ३० असणार. म्हणजे शेवटच्या तुकड्याला फक्त '३० च्या पटीत १ मिळवून' येणाऱ्या मूळ संख्यांनीच भाग जाऊ शकतो: ३१, ६१, १५१, १८१, २११, २४१… मधल्या ९१, १२१ वगैरे संयुक्त आहेत, त्या गाळा.

वहीत मांडा, १०९८८९०११ ला भागू:

३१ ने बाकी २५.
६१ ने बाकी १२.
१५१ ने बाकी १२०.
१८१ ने बाकी ११०.
२११ ने बाकी ०, भागाकार ५२०८०१.

पाचव्या प्रयत्नात फुटली. ५२०८०१ ला २११ परत लागत नाही, पुढचा २४१ लागतो, भागाकार २१६१. आता २१६१ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ४६ आणि ४७ च्या मध्ये, त्या आतला उमेदवार एकच, ३१, आणि ३१ ने भाग जात नाही. झालं, २१६१ मूळ.

९०९१ साठी उमेदवार '१० च्या पटीत १' वाले, वर्गमूळ ९५ च्या आसपास, म्हणजे ११, ३१, ४१, ६१, ७१ एवढेच पाच. बाक्या अनुक्रमे ५, ८, ३०, २, ३. एकही शून्य नाही, ९०९१ मूळ.

९००९०९९१ ला पहिलाच उमेदवार ३१ लागतो, उरतात २९०६१६१. ही मूळ आहे, पण तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, तपासा. वर्गमूळ १७०४ च्या आसपास आहे, '३० च्या पटीत १' वाल्या मूळ संख्या तिथपर्यंत २९ आहेत (आवृत्ती १५ असली तरी मूळ संख्या विषम, म्हणून ३० धरायचं). २९ भागाकार म्हणजे पेशन्स असेल तर ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरला खिडकी मिळाल्यावर उरकण्यासारखं काम आहे.

सगळं एकत्र:

तीस एक = ३ × ७ × ११ × १३ × ३१ × ३७ × ४१ × २११ × २४१ × २७१ × २१६१ × ९०९१ × २९०६१६१

या नियमाला एक अपवाद आहे, तो लक्षात ठेवा: एकांची जी संख्या (इथे ३०) तिचाच एखादा मूळ अवयव नियम मोडून आत येऊ शकतो. इथे तो ३ आहे, कारण १/३ ची आवृत्ती एकच अंकाची, तरी ३ आत आलाच.

५. ताळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका

नवांचा ताळा करा. तीस एकांची बेरीज ३०, म्हणजे ३. अवयवांच्या बेरजा करत गुणत जा, शेवटी ३ च यायला हवा, येतो. पण नवांच्या ताळ्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण आकड्यांची अदलाबदल त्याला कळत नाही, ९०९१ ऐवजी ९०१९ लिहिलंत तरी बेरीज तीच राहते. म्हणून ११ चा ताळाही करायचा, त्यात शेजारच्या वेगळ्या अंकांची अदलाबदल पकडली जाते. फक्त या संख्येत ११ हा स्वतःच अवयव आहे, गुणाकार कसाही शून्यच येणार, म्हणून ११ बाजूला काढून बाकीच्या तुकड्यांचा ताळा करा. आणि शेवटी पायथनमध्ये पूर्ण गुणाकार, त्याला पर्याय नाही.

६. आता प्रॉपर्टीज काढा, हे सोपं आहे

अवयव हातात आले की बाकी सगळं त्यातूनच मिळतं.

विभाजक किती? प्रत्येक अवयवाच्या घातात १ मिळवून गुणाकार. इथे तेराही मूळ अवयव एकेकदाच आलेत, म्हणून २ चा तेरावा घात, ८१९२ विभाजक. शाळेतल्या ५०४० ला ६० असतात, त्या मानाने बघा.

विभाजकांची बेरीज? प्रत्येक अवयव एकेकदाच असल्यामुळे प्रत्येकात १ मिळवून सगळ्यांचा गुणाकार: ४ × ८ × १२ × १४ × ३२… करत जा. मूळ संख्येशी गुणोत्तर काढलं तर सुमारे १.९७ येतं. म्हणजे स्वतःला वगळून बाकी ८१९१ विभाजकांची बेरीज संख्येच्या ०.९७ पट, परिपूर्ण संख्या (६, २८, ४९६ सारखी, जिथे ही बेरीज संख्येइतकीच येते) व्हायला किंचित कमी पडते. एवढे विभाजक असून कमी पडते, कारण २ आत नाही आणि ५ पण नाही. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा खूप वेळ त्या १.९७ कडे बघत बसलो होतो.

तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या लहान संख्या किती? प्रत्येक अवयवातून १ वजा करून गुणाकार. टक्केवारीत सुमारे साडेत्रेचाळीस. म्हणजे त्या रेंजमधली कुठलीही संख्या उचलली तर निम्म्याहून जास्त वेळा मसावि १ पेक्षा मोठा निघणार.

घात एकपेक्षा जास्त असले की काय होतं ते बघायला आपल्याच भागातलं उदाहरण आहे. गणिती द. रा. कापरेकरांचं शालेय शिक्षण ठाण्यात झालं, पुढे ते देवळालीला शाळेत शिकवायचे, आणि त्यांनी १२३२१ सारख्या संख्यांच्या घराण्याला 'डेम्लो' नाव दिलं ते डोंबिवली स्टेशनच्या 'डेम्लो' या जुन्या नावावरून, तिथे त्यांना ती कल्पना सुचली म्हणून. डोंबिवलीला रोज गाडी बदलणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं! नऊ एकांचा वर्ग करा: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ एक = ३² × ३७ × ३३३६६७, म्हणून वर्गात ३ चा घात ४, बाकी दोघांचे २-२. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच येते, सम आली तर कुठेतरी चुकलंय. आणि दहा एकांचा वर्ग असाच डोंगरासारखा येईल असं धरू नका, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ होतो.

७. गट पडतच नाहीत तेव्हा: सतरा एक

१७ मूळ आहे, गट पाडता येत नाहीत. पण म्हणून सतरा एकांची संख्या मूळ असेल असं नाही. १९ एक आणि २३ एक खरंच मूळ आहेत, पुढची मूळ थेट ३१७ एकांना मिळते, मग १०३१ एकांना.

आधी संयुक्त आहे की नाही ते बघा, फोडायला नंतर बसा. फर्माची कसोटी: २ चा (संख्या वजा १) वा घात, त्याला त्या संख्येने भागून बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त, अवयव माहीत नसला तरी. पायथनच्या पाऊ फंक्शनला पाया, घात आणि भाजक असे तिन्ही एकदम द्या, आधी घात काढून मग भागायला गेलात तर मशीन हँग होईल. बाकी १ आली तर मात्र खात्री नाही, ३४१ = ११ × ३१ असूनही पाया २ ला ती फसवते. आणि एकांच्या संख्येला पाया १० कधीच घेऊ नका! सात किंवा त्याहून जास्त, पण मूळ, इतके एक असले तर पाया १० ची कसोटी दरवेळी पासच होते, संख्या संयुक्त असली तरी. २ किंवा ३ घ्या.

अवयव न मिळता संयुक्त ठरणं जुनं आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही मूळ नाही हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, तिचे अवयव १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अमेरिकन गणिती कोलने १९०३ मध्ये दिले.

सतरा एकांचे उमेदवार '३४ च्या पटीत १' वाले: १०३, १३७, २३९… लागणारा पहिला अवयव २०७१७२३, म्हणजे ३४ गुणिले ६०९३३ अधिक १. साठ हजार उमेदवार हाताने नकोत, मोबाईल डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. दुसरा अवयव ५३६३२२२३५७. ताळा: नवांचा ४ × २ = ८, आणि सतराची बेरीज ८, जुळलं.

८. याच्याही पुढे

नियम नसलेली संख्या आली तर पोलार्डची रो पद्धत (१९७५) आधी, मग लंबवर्तुळी वक्रांची पद्धत, ती लहान अवयव चटकन उपसते, आणि शंभर अंकांच्या आसपास दोन्ही अवयव मोठे असतील तर चाळणीच्या पद्धती. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये फुटली, २५० अंकी २०२० मध्ये. ऐरोली-महापेला जी डेटा सेंटर उभी आहेत तिथल्या सर्व्हरवर अजूनही बऱ्याच ठिकाणी २०४८ बिटांच्या, म्हणजे ६१७ अंकी संख्या कुलूप म्हणून वापरतात, आणि त्या मुद्दाम अशा निवडतात की वर केले तसले कुठलेच गट पडू नयेत. तिकडे घरच्या लॅपटॉपने जाऊ नका, उन्हाळ्यात फॅन आणि वीजबिल दोन्ही वाढतील.

९. करून बघायला

बावीस एक घ्या. गट ११ चे दोन, म्हणजे अकरा एक × १०००००००००००१ असं लिहिलंत तर शून्य परत मोजा, मध्ये दहाच हवेत: १००००००००००१. या तुकड्यात ११ दोनदा लागतो, कारण २२ लाच ११ ने भाग जातो, वरचा अपवाद तो हाच. मग २३, ४०९३, ८७७९. अकरा एकांतून २१६४९ आणि ५१३२३९ येतात, त्यातला पहिला '२२ च्या पटीत १' च्या यादीत ९८४ वा आहे, तिथे मोबाईल वापरा. ११ चा घात २ आणि बाकी पाच अवयव एकेकदा, म्हणून विभाजक ३ × ३२ = ९६ यायला हवेत.